क्रांतिबांनी सोपे का लिहिले?

आमच्या वस्तीतला एक तरुण परवा आमच्याकडे आपला बायोडाटा घेऊन आला. पोरगा पदवीधर. दोन वर्षे एका गोदामात काम केलेला. आई चार घरची धुणीभांडी करते. बायोडाटा झेरॉक्सच्या दुकानात करून घेतलेला, म्हणजे दुसऱ्या कोणाचा तरी उतरवून वर फक्त नाव बदललेले. सुरुवातीलाच त्याच्या जीवनाचे ध्येय चार ओळींच्या एका इंग्रजी वाक्यात दिले होते. आम्ही विचारले, बाळा, याचा अर्थ काय? त्याने मान खाली घातली. मुलाखतीतही त्याला हेच विचारले होते आणि तिथेही तो असाच गप्प बसला होता. गोदामातली मालाची आवकजावक तो एकटा सांभाळत होता, संगणकावर रोजच्या नोंदी ठेवत होता. त्यातले एक अक्षरही त्या कागदावर नव्हते! जे त्याचे होते ते गळाले आणि जे त्याचे नव्हते ते छापले गेले.

त्याची धाकटी बहीण नववीत आहे. शाळेतून मिळालेली विज्ञानाची टिपणे ती घडाघडा म्हणून दाखवते. बाष्पीभवन, संघनन, सगळे पाठ. पण चुलीवरच्या भांड्याच्या झाकणाला आतून पाणी का धरते, हे तिला सांगता आले नाही. वाफेचे असे पाणी होण्यालाच पुस्तकात संघनन म्हणतात, हे तिला कोणी सांगितलेच नव्हते.

हा दोष त्या बहीणभावांचा नाही. जे कळत नाही ते थोर आणि जे कळते ते हलके, ही समजूत आपल्या समाजाच्या डोक्यात हजारो वर्षे ठोकून बसवलेली आहे. ज्ञान एका भाषेत बंद केले, ती भाषा एका वर्गाच्या मुठीत ठेवली आणि बाकीच्यांना सांगितले, तुम्ही फक्त ऐका आणि दक्षिणा द्या. या कुलपाला पहिला जोरकस हातोडा घालणारा आधुनिक महाराष्ट्रातला माणूस म्हणजे राष्ट्रपिता जोतीराव फुले. जोतीरावांनी शाळा काढल्या, हौद खुला केला, सत्यशोधक समाज स्थापला, हे आपण जयंतीला आणि स्मृतिदिनाला सांगतोच. पण जोतीरावांनी सोपे लिहिले, ठरवून लिहिले आणि त्यासाठी कष्ट उपसले, याकडे आपले दुर्लक्ष होते. म्हणून आज त्यांचे चरित्र आम्ही या एका अंगाने सांगणार आहोत.

जोतीरावांचा जन्म ११ एप्रिल १८२७ चा. घराणे मूळचे साताऱ्याकडच्या कटगुणचे, आडनाव गोऱ्हे. पेशव्यांना फुले पुरवण्याच्या धंद्यावरून फुले हे नाव पडले. आई चिमणाबाई लहानपणीच गेल्या. सगुणाबाईंनी त्यांना वाढवले. वडील गोविंदरावांनी मुलाला शाळेत घातले खरे, पण माळ्याचे पोर शिकून काय करणार असा सल्ला मिळाला आणि शाळा सुटली. पोर मळ्यात राबू लागले. शेजारी राहणारे गफार बेग मुन्शी आणि लिजिटसाहेब यांनी गोविंदरावांची समजूत घातली, तेव्हा १८४१ मध्ये जोतीराव पुन्हा स्कॉटिश मिशनच्या शाळेत गेले. मधली वर्षे वाया गेली असे कोणी म्हणेल. आम्हाला तसे वाटत नाही. त्या वर्षांत हाताला माती लागली आणि कानाला शेतकऱ्याची बोली लागली. पुढे जोतीरावांच्या लेखणीतून जी भाषा उतरली तिचे बियाणे त्या मळ्यातले आहे.

१८४७ मध्ये इंग्रजी शिक्षण संपले. त्याच सुमारास थॉमस पेनचा माणसाच्या हक्कांवरचा ग्रंथ त्यांनी वाचला. पुढच्याच वर्षी एका ब्राह्मण मित्राच्या लग्नाच्या वरातीत जातीवरून झालेला अपमान त्यांनी सोसला. त्याच १८४८ साली पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा उघडली. सावित्रीबाईंना आधी स्वतः शिकवून शिक्षिका केले. पत्नीसह वडिलांचे घर सोडावे लागले, पण शाळा सोडली नाही. १८५१ मध्ये बुधवार पेठेत अण्णासाहेब चिपळूणकरांच्या वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली, १८५२ मध्ये महार-मांगांच्या मुलांसाठी शाळा निघाली. या कामात सदाशिव गोवंडे, मोरो विठ्ठल वाळवेकर यांच्यासारखे ब्राह्मण मित्रही त्यांच्या बाजूने उभे होते, हेही सांगितले पाहिजे. जोतीरावांचे भांडण जन्माशी नव्हते. ज्ञानाच्या मक्तेदारीशी होते.

१६ नोव्हेंबर १८५२ रोजी विश्रामबागवाड्यात सरकारतर्फे जोतीरावांचा शालजोडी देऊन सत्कार झाला. सत्कार करणारे होते मेजर कँडी. इथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. हेच मेजर कँडी मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाचे सहकारी आणि सरकारी शाळांच्या मराठी पुस्तकांची भाषा तपासणारे अधिकारी. कँडींच्या देखरेखीखाली शालेय मराठीला जे वळण लागले ते पुण्याच्या शास्त्रीपंडितांच्या बोलीचे. कुणब्याची, माळ्याची, महाराची, मांगाची बोली अशुद्ध ठरली. म्हणजे ज्या हाताने जोतीरावांच्या खांद्यावर शाल पडली, त्याच हाताखाली घडणाऱ्या पुस्तकांत जोतीरावांच्या विद्यार्थ्यांच्या घरचा शब्द बसत नव्हता! कँडींचा हेतू वाईट होता असे आम्ही म्हणत नाही. पण मोजपट्टी एकाच आळीची घेतली की बाकीचे सगळे वाकडेच दिसणार.

मग जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत काय घडले? त्याचा पुरावा १८५५ मध्ये ज्ञानोदयात छापला गेला. त्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या मांग समाजातल्या चौदा वर्षांच्या मुलीने महार-मांगांच्या दुःखावर निबंध लिहिला. तिने जातीचा जुलूम सांगितला, बाळंतीण बाईला छप्परही मिळत नाही ते सांगितले, आणि ज्या धर्माचे पुस्तक आपल्याला वाचूच देत नाहीत तो धर्म आपला कसा, असा सरळ सवाल केला. तीन वर्षे शिकलेल्या मुलीने हे लिहिले. कोणाच्या टिपणांतून तिने ते उतरवले नव्हते. जे पाहिले, जे भोगले, ते तिने आपल्या शब्दांत मांडले आणि मोठमोठ्या शास्त्र्यांना निरुत्तर केले. शाळेचा खरा निकाल तो हा. नववीतली आमची लेक आणि चौदा वर्षांची मुक्ता यांच्यात बुद्धीचा फरक नाही. फरक आहे तो शिकवणाऱ्याने काय मागितले याचा.

त्याच १८५५ साली दांपत्याने मजूर-शेतकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली आणि जोतीरावांनी तृतीय रत्न हे नाटक लिहिले. पोटुशी बाई, तिचा अडाणी नवरा आणि ग्रहांची भीती घालून त्यांना नाडणारा जोशी अशी ही साधी गोष्ट. मधेमधे विदूषक येऊन फसवणुकीची मेख उघड करतो. शेवटी नवरा-बायको रात्रीच्या शाळेत जायला निघतात. ज्याला वाचता येत नाही त्याच्यापर्यंत पुस्तक पोचणार नाही, पण नाटक पोचेल, हा हिशेब त्यामागे होता. जोतीरावांनी हे नाटक दक्षिणा प्राइज कमिटीकडे पाठवले. मराठी ग्रंथांना उत्तेजन देणारी ती कमिटी, पण तिने ते नाकारले. पुढे शतकभर ते छापलेच गेले नाही.

जोतीरावांनी हार मानली नाही. १८६९ मध्ये त्यांनी छत्रपती शिवरायांचा पवाडा प्रसिद्ध केला. त्याच्या प्रस्तावनेत त्यांनी आपल्या भाषेचा जाहीरनामाच दिला आहे. हे लिखाण कुणबी, माळी, महार, मांग यांच्या उपयोगी पडावे हा आपला हेतू असून लांबलचक संस्कृत शब्द आपण त्यात घातलेले नाहीत, असे ते सांगतात. जिथे उपायच चालला नाही तिथे छोटेमोठे शब्द गरजेपुरते घेतले, हेही प्रामाणिकपणे कबूल करतात. आणि पुढे म्हणतात की माळ्या-कुणब्यांना समजेल अशी सोपी भाषा व्हावी यासाठी आपण फार श्रम केले, चालही त्यांना आवडेल अशीच घेतली.

बंधूंनो, यातला श्रम हा शब्द आम्हाला फार मोलाचा वाटतो. सोपे लिहिणे म्हणजे कमी शिकलेल्याचे लिहिणे, अशी आपली समजूत आहे. जोतीराव इंग्रजी शिकलेले होते. अवघड लिहिणे त्यांना सहज जमले असते. सोपे लिहायला मात्र कष्ट पडले, कारण आधी स्वतःला नीट समजावे लागते, मग कोण वाचणार ते ओळखावे लागते, आणि मग आपल्या विद्वत्तेचा मोह आवरावा लागतो. अवघड शब्दाआड अज्ञान लपते. सोप्या शब्दाआड काहीच लपत नाही.

त्याच वर्षी विद्याखात्यातल्या ब्राह्मण पंतोजींवरही त्यांनी पवाडा रचला. सरकारी पगार घेणारा पंतोजी आपल्या जातीच्या मुलांकडे कसा लक्ष देतो आणि शूद्रांच्या मुलांना कसा टाळतो, याचा तो पंचनामा होता. शिक्षण खात्यावरची टीका अर्जात न लिहिता पवाड्यात का? कारण ज्यांची मुले मागे पडत होती त्या आईबापांना ती कळायला हवी होती.

१८७३ मध्ये गुलामगिरी आली. इथे जोतीरावांची हुशारी पाहा. मूळ ग्रंथ मराठीत, तोही धोंडीबा आणि जोतीराव यांच्या संवादात. धोंडीबा शंका विचारतो, जोतीराव उलगडा करतात. वाचणाऱ्याच्या मनात येणारा प्रश्न धोंडीबाच्या तोंडून आधीच येतो. पण त्याच ग्रंथाला त्यांनी इंग्रजी प्रस्तावनाही जोडली, कारण ती सरकारने वाचायला हवी होती. साहेबाशी साहेबाच्या भाषेत आणि शेतकऱ्याशी शेतकऱ्याच्या भाषेत! जोतीराव इंग्रजीचे शत्रू नव्हते. कोणाशी बोलायचे आहे ते ठरवून भाषा निवडणारे ते होते.

त्याच वर्षी २४ सप्टेंबरला सत्यशोधक समाज स्थापन झाला. भटजीवाचून आणि आपल्या भाषेत लग्ने लागू लागली. पुढे १८८७ मध्ये त्यांनी मंगलाष्टकांसह पूजाविधीचे पुस्तकच काढले. त्यात वधू वराकडे स्त्रियांच्या हक्कांचे वचन मागते आणि वर ते देतो. दोघांनाही आपण काय बोलतो ते कळते. न कळणाऱ्या मंत्रावर अक्षता टाकणाऱ्या समाजाला ही केवढी क्रांती होती! ज्या वचनाचा अर्थच कळत नाही त्याने माणूस बांधला जातो कसा, हा तो प्रश्न होता.

यावर पुण्याच्या विद्वानांचे उत्तर काय? निबंधमालाकार विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी जोतीरावांच्या भाषेची टिंगल केली, व्याकरणाच्या चुका काढल्या. सवालाला जवाब देता येत नसला की सवाल विचारणाऱ्याचे शुद्धलेखन तपासायचे, ही रीत तेव्हापासूनची! जोतीरावांचे प्रत्येक वाक्य सुटसुटीत होते असे आम्ही म्हणणार नाही. शेतकऱ्याचा असूड मधली काही वाक्ये अर्धे पान चालतात. पण त्यातला शब्द न् शब्द शिवारातला आहे. शेतकऱ्याचे घर, त्यातली भांडीकुंडी, त्याचे कर्ज, कचेरीतली त्याची फरफट, सगळे डोळ्यांसमोर उभे राहते. १८८३ मध्ये पुरा झालेला हा ग्रंथ लिहिता लिहिताच जोतीराव तो लोकांना वाचून दाखवत होते. पुणे, मुंबई, ठाणे, जुन्नर, ओतूर, हडपसर अशा ठिकाणी माणसे जमवून त्याचे वाचन झाले. बडोद्यास सयाजीराव महाराजांनीही तो ऐकला. अक्षर न ओळखणाऱ्या शेतकऱ्याला ऐकून कळते की नाही, हीच जोतीरावांच्या ग्रंथाची परीक्षा होती. आजचे किती लेखक ही परीक्षा देतील?

आता बायोडाटाची गोष्ट. १८८२ मध्ये सरकारने हंटर शिक्षण आयोग नेमला. जोतीरावांनी १९ ऑक्टोबर १८८२ रोजी त्याच्यापुढे इंग्रजीत लेखी निवेदन दिले. आपल्याला शिक्षणाविषयी बोलण्याचा अधिकार काय, हे त्यात त्यांनी सुरुवातीलाच सांगितले. ते कसे? आपला अनुभव मुख्यतः पुणे आणि आसपासच्या खेड्यांपुरता आहे, असे मर्यादेसह सांगितले. मुलींची शाळा काढली, तिथे आपण आणि आपली पत्नी दोघांनी अनेक वर्षे काम केले. नंतर ती कमिटीकडे सोपवली, आणखी शाळा निघाल्या. महार-मांगांसाठी शाळा काढल्या. मिशनच्या मुलींच्या वसतिशाळेत काही वर्षे शिक्षक होतो. बस. एक विशेषण नाही, स्वतःची आरती नाही. शेवटी सहीखाली लिहिले : व्यापारी, शेतकरी आणि म्युनिसिपल कमिशनर, पेठ जुना गंज. काय केले, कुठे केले, कोणाबरोबर केले, आज काय करतो. आमच्या मते हा आपल्या समाजातला एक आदर्श बायोडाटा आहे. त्यात पत्नीच्या कामाची नोंद आहे, हेही नवऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

आणि त्याच निवेदनात वर्गातल्या पुस्तकांबद्दलही त्यांनी स्पष्ट सांगितले. चालू पाठ्यपुस्तके व्यवहाराच्या उपयोगाची नाहीत, पुढे नेणारीही नाहीत, ती सुधारून नव्याने रचली पाहिजेत. निदान बारा वर्षांपर्यंतचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा. मोडी-बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास, भूगोल, व्याकरण यांच्या जोडीला शेतीचे आणि आरोग्याचे धडे द्या, शाळेला छोटी नमुन्याची शेती जोडा. शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून घ्या, जो मुलांच्या आईबापांत मिसळेल, त्यांच्या गरजा ओळखेल आणि वेळ पडली तर नांगराला हात लावायला लाजणार नाही. सोपे शिकवण्याचे गमक त्यांनी इथे दाखवले आहे. शिकणाऱ्याचे घर ज्याला माहीत आहे, त्यालाच त्याला समजेल असे बोलता येते.

१८८५ मध्ये पुण्यात मराठी ग्रंथकारांची सभा भरली. न्यायमूर्ती रानड्यांकडून जोतीरावांना निमंत्रण होते. ते गेले नाहीत. जे लोक सर्वांचे मानवी हक्क मनापासून मान्य करत नाहीत, त्यांच्या सभांशी आणि ग्रंथांशी आमच्या सभांचा आणि ग्रंथांचा मेळ बसत नाही, अशा आशयाचे उत्तर त्यांनी पाठवले. त्यांच्या लेखी भाषेचा प्रश्न हा हक्काचा प्रश्न होता.

१८८८ मध्ये जनतेने त्यांना मुंबईत महात्मा ही पदवी दिली. त्याच वर्षी पक्षाघाताने उजवे अंग लुळे पडले. तेव्हा जोतीरावांनी डाव्या हातात लेखणी धरली आणि सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक लिहिले. तेही पुन्हा प्रश्नोत्तरांत! हात बदलला, रीत बदलली नाही. २८ नोव्हेंबर १८९० रोजी ते गेले. पुस्तक १८९१ मध्ये, त्यांच्या मागे, प्रसिद्ध झाले.

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बुद्ध आणि कबीर यांच्या जोडीने जोतीरावांना गुरू मानले आणि शूद्र पूर्वी कोण होते हा आपला १९४६ चा ग्रंथ त्यांना अर्पण केला. आपल्या या गुरुपरंपरेत भाषेचा धागा एकच आहे. तथागतांचे वचन छंदस भाषेत बांधावे असे दोन भिक्खूंनी सुचवले तेव्हा तथागतांनी त्यांना नकार दिला आणि ज्याने त्याने आपापल्या बोलीत धम्म शिकावा असे सांगितले, हे विनयपिटकात नोंदलेले आहे. कबीर लोकांच्या बोलीत बोलले. बाबासाहेबांनी जगासाठी ग्रंथ इंग्रजीत लिहिले, आपल्या माणसांसाठी मूकनायक आणि बहिष्कृत भारत मराठीत काढले.

मग आपण, त्यांचे अनुयायी, काय करतो? इथे आम्ही आरसा स्वतःकडेही धरतो. आमच्या चळवळीच्या पुस्तिका, आमची भाषणे, आमचे प्राध्यापक बंधू काढतात ती टिपणे पाहा. परिप्रेक्ष्य, अधिसत्ता, विमर्श असे शब्द मोजता मोजता कार्यकर्ता पेंगू लागतो. ज्या मावशी सभेला सतरंजी घालतात, त्यांना भाषणातले काय कळले हे आम्ही कधी विचारतो का? मक्तेदारी जुन्यांच्या हातातली काढून नव्यांच्या हातात द्यायची, एवढीच का आपली लढाई?

म्हणून आमचे काही सांगणे आहे. वस्तीवस्तीतल्या बुद्धविहारांत ज्या अभ्यासिका चालतात, तिथे आठवड्यातून एक संध्याकाळ बायोडाटासाठी ठेवा. शिकलेल्याने शेजारी बसावे, पोराला विचारावे, बाबा, तू काय केलेस ते मला सांग, आणि तो सांगेल तेच नीट मांडावे. इंग्रजीत लिहायचे तर जरूर लिहा, पण ज्या शब्दाचा अर्थ त्याला सांगता येत नाही तो शब्द त्याच्या नावाखाली छापू नका. आमच्या शिक्षक बंधुभगिनींनी धडा शिकवल्यावर मुलाला तो घरच्या बोलीत परत सांगायला लावावा. परीक्षेतली संज्ञा त्यानंतर द्यावी, कारण ती संज्ञाही त्याला आलीच पाहिजे, तो त्याचा हक्क आहे. आणि लिहिणाऱ्यांनी आपला लेख छापण्याआधी घरातल्या कमी शिकलेल्या माणसाला एकदा वाचून दाखवावा. जोतीरावांनी हडपसरला, ओतूरला तेच केले.

त्या तरुणाचा बायोडाटा आम्ही त्याच्याशेजारी बसून पुन्हा लिहिला. एका पानाचा झाला. गोदाम आले, आवकजावक आली, संगणकावरच्या नोंदी आल्या. नोकरी अजून लागलेली नाही. लागेल की नाही हे आमच्या हाती नाही, कारण बायोडाटा सोपा केला म्हणून आडनाव पाहणारे डोळे बदलत नाहीत. ती लढाई वेगळी आहे आणि ती लढावीच लागेल. पण आता कोणी त्याला त्या कागदातल्या कुठल्याही ओळीचा अर्थ विचारला तर तो मान खाली घालणार नाही. जोतीरावांनी पवाड्यासाठी जे श्रम घेतले, ते आपल्या माणसाची मान वर व्हावी याचसाठी होते.

जय जोती! जय भीम!